थेंबाचा हिशेब

अजिंठ्याच्या डोंगररांगांपासून जवळ, जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यात वाकोद नावाचे लहानसे गाव आहे. तेथील एका शेतकरी जैन कुटुंबात १२ डिसेंबर १९३७ रोजी भवरलाल जैन यांचा जन्म झाला. कायद्याचे शिक्षण झाल्यावर सरकारी अधिकारपद समोर असताना त्यांनी आईचा सल्ला मानला आणि व्यापाराची वाट धरली. १९६३ मध्ये कुटुंबाची ७,००० रुपयांची बचत भांडवल म्हणून घेऊन त्यांनी जळगावात रॉकेलच्या विक्रीने आरंभ केला. पुढे बियाणे, खते, ट्रॅक्टर असा शेतकऱ्याच्या गरजेचा माल पेढीवर आला. १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा कारखाना विकत घेऊन त्यांनी तेथे पपईच्या चिकापासून पपेन बनवण्यास सुरुवात केली. १९८० मध्ये पीव्हीसी पाईपचे उत्पादन सुरू झाले.

येथपर्यंतची कथा कोणत्याही उद्यमशील व्यापारी घराण्याची वाटावी अशी आहे. तिचे वेगळेपण पुढच्या टप्प्यात आहे.

केळी हे खानदेशाचे वैभव, पण ते भरपूर पाणी मागणारे पीक. विहिरींचे पाणी खाली जात होते आणि पाऊस बेभरवशाचा होत चालला होता. अशा वेळी पाईप विकणाऱ्यासमोर सोपा मार्ग असतो. शेतकरी जितके अधिक पाणी उपसेल, तितका आपल्या मालाचा खप अधिक. पण ज्या दिवशी विहीर आटेल, त्या दिवशी गिऱ्हाईकही संपेल, हा या मार्गाचा शेवट असतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भवरलालजींनी ठिबक सिंचनाकडे मोर्चा वळवला. पाटाने सारे रान भिजवण्याऐवजी पिकाच्या मुळाशी, गरजेपुरते पाणी देणारी ही पद्धत. पाणी वाचवण्याचे साधन हाच विक्रीचा माल झाला.

केवळ नळ्या विकून हे काम भागणारे नव्हते. ठिबकचा खर्च शेतकऱ्याला जड वाटे आणि पद्धत अनोळखी होती. म्हणून मालासोबत शेतात जाऊन सल्ला देणारी माणसे उभी करावी लागली. पाण्याबरोबर खत कसे द्यावे हे शिकवावे लागले. ऊतिसंवर्धित केळीची रोपे आली. जुन्या पद्धतीत सुमारे १८ महिने घेणारी केळीची बाग या रोपांमुळे आणि काटेकोर निगेमुळे वर्षभरात काढणीस येऊ लागली. पांढऱ्या कांद्यासारखे पीक कराराने घेऊन त्यावर प्रक्रिया होऊ लागली. ज्याला माल विकायचा, त्याचाच माल विकत घ्यायचा, असे दुहेरी नाते त्यातून तयार झाले.

मात्र हा प्रवास चढत्या आलेखाचा नव्हता. १९९० च्या दशकात वित्तव्यवसाय, ग्रॅनाईट, माहिती तंत्रज्ञान अशा अनोळखी क्षेत्रांत उडी घेतली गेली आणि मोठा तोटा पदरी आला. भवरलालजींनी आपली चूक भागधारकांपुढे जाहीरपणे कबूल केली आणि उद्योग पुन्हा शेतीच्या मुळाशी आणला. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच, २०१९ च्या सुमारास, कंपनी पुन्हा कर्जाच्या ओझ्याखाली आली. शासकीय अनुदानाशी निगडित येणी अडकली होती आणि देणी थांबत नव्हती. २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली, तर २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय दुसऱ्या कंपनीत विलीन करून कर्ज हलके करण्यात आले. जिचा माल उत्तम आणि हेतू कल्याणकारी, अशा पेढीलाही वाढीचा वेग आणि उसने भांडवल यांचा मेळ चुकला की किंमत मोजावी लागते.

शेतातही हाच धडा मिळतो. ठिबकने एकरी पाणी वाचते, हे खरे. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी चार एकर केळी लावली, तर विहीर पूर्वीसारखीच आटते. बचतीला मर्यादेची जोड नसेल, तर ती बचत नव्या हव्यासाचे भांडवल बनते.

आपल्या परंपरेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाचे वर्णन आहे. त्याची चार कोटी सुवर्णसंपत्ती निधीत सुरक्षित होती, चार कोटी व्यापारात गुंतलेली होती आणि चार कोटी घरसंसाराच्या वैभवात होती. भगवान महावीरांपाशी श्रावकव्रते घेताना त्याने व्यापार सोडला नाही. आहे त्या परिग्रहाला सीमा घातली. या वर्णनाकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर एक व्यवहारही दिसतो. जेवढे व्यापारात, तेवढेच निधीत. एखादा हंगाम बुडाला तरी अशी पेढी मोडत नाही.

आज अवकाळी पावसाने गोदामातील धान्य भिजते, कापसाची आवक एका वर्षी ओसंडते आणि दुसऱ्या वर्षी आटते. अशा काळात दिवाळीच्या वहीपूजनाला नफ्या-तोट्याबरोबर तीन प्रश्नही वहीच्या पहिल्या पानावर लिहिण्यासारखे आहेत. आपल्या वाढीने गिऱ्हाईकाचे आणि ज्या भूमीवर तो जगतो तिचे बळ वाढते की घटते? विस्तारातील किती वाटा स्वतःच्या बचतीचा आणि किती उसना आहे? येणी वर्षभर थांबली, तर निधीत किती दिवसांची शिदोरी आहे?

घरातील तरुण पिढी नव्या योजना घेऊन येते, तेव्हा वडीलधाऱ्यांनी नकार देण्याची घाई करू नये आणि तरुणांनीही या प्रश्नांना जुनाट समजू नये. वाकोदच्या त्या तरुणाने बदलत्या ऋतूत नवी वाट शोधली म्हणून त्याचा उद्योग वाढला. मुळाशी परतण्याचे धैर्य दाखवले, म्हणून तो सावरला. पेढीला या दोन्ही गुणांची गरज असते, आणि दुसरा गुण अंगी आणणे अधिक कठीण असते.