पागेतले पहिले धडे



इंदूर शहरात 'पागनीस पागा' या नावाची एक वस्ती आहे. कितीतरी घरांचे पत्ते त्या नावावर लिहिले जातात. 'पागा म्हणजे काय?' असे मी एकदा माझ्या वर्गातील मुलांना विचारले, तेव्हा सारा वर्ग गप्प राहिला. शेवटी एका मुलीने भीत भीत विचारले, "बाई, ते कुणाचे आडनाव आहे का?" तिचे उत्तर अर्धे बरोबर होते. उरलेले अर्धे उत्तर आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

पागा हा शब्द फारसीतील 'पायगाह' या शब्दावरून मराठीत आला. घोडे बांधण्याची जागा हा त्याचा एक अर्थ, आणि एका नायकाच्या हाताखालचे घोडेस्वारांचे पथक हा दुसरा. हैदराबादच्या श्रोत्यांना 'पायगा' उमराव परिचित आहेत. निजामाच्या खास घोडदळाचा भार वाहणारी ती घराणी, आणि त्यांच्या नावात आहे तो हाच शब्द. पागेचा हिशेब लिहिणारा तो पागानवीस, म्हणजेच आपला पागनीस. ज्याला सरकारातून घोडे मिळे तो बारगीर. जो स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. आज आडनावांपुरते उरलेले हे शब्द एके काळी माणसाची योग्यता सांगत असत. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे मूळपुरुष राणोजी शिंदे हे आरंभी बारगीरच होते. इंदूरच्या होळकर घराण्याचे संस्थापक मल्हारराव यांनी उमेदवारी केली ती आपले मामा भोजराज बारगळ यांच्या घोडेस्वारांच्या पथकात. मोठमोठ्या दौलतींचा उगम असा पागेच्या दारात सापडतो.

ही पागा चाले कशी? शिवछत्रपतींच्या लष्कराची रचना सभासदाने आपल्या बखरीत दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे; आणि त्याच पंचवीस घोड्यांमागे पाणी देण्यास एक पखालजी व नाल ठोकण्यास एक नालबंद नेमलेला असे. तलवारीइतकेच महत्त्व पखालीला आणि नालेला होते, हे या नेमणुकीवरून ध्यानात येते. दसऱ्यास मोहिमेवर निघालेले लष्कर पावसाळ्यापूर्वी छावणीस परत येई, आणि त्यापूर्वीच तेथे दाणा, वैरण, औषधे व गवताने शाकारलेल्या पागा सिद्ध ठेवलेल्या असत.

याच विषयावरील महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणनजीकच्या छावणीतील अंमलदारांना ते लिहिलेले आहे. आज कोठी भरलेली आहे म्हणून दाणा-वैरण वाटेल तशी उधळाल, तर भर पावसाळ्यात घोड्यांना उपास पडतील, ती मरू लागतील, आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल, हा त्या पत्राचा आशय. निष्काळजीपणाने पेटवलेली चूल, हुक्क्याचा विस्तव किंवा उंदराने ओढून नेलेली दिव्याची जळती वात यांनी गवताच्या गंजीस आग लागेल, असाही इशारा त्यात आहे. मुक्या जनावराच्या मृत्यूस शत्रू नव्हे, तर आपली बेपर्वाई कारण होते, हे एवढ्या मोठ्या राज्यकर्त्याने इतक्या बारकाईने लिहावे याचे मला लहानपणी नवल वाटे. पुढे या पत्राचा अर्थ मला पुस्तकाबाहेर, एका तबेल्यात समजला. तीच हकीकत आता सांगते.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी इंदूरच्या सीमेवर पत्र्याच्या छपराखाली आठ घोड्यांचा एक तबेला होता. ग्वाल्हेरच्या घोडदळात उमेदवारी करून पुढे निवृत्त झालेले एक वयोवृद्ध दफेदार तो चालवीत. त्यांना आम्ही सारी मुले दफेदारकाका म्हणत असू. मी त्या वेळी नऊ वर्षांची होते. वडिलांचे बोट धरून मी प्रथम तेथे गेले ती थेट घोड्यावर बसण्याच्या तयारीनेच. दफेदारकाकांनी मला एकवार न्याहाळले आणि माझ्या हातात खरारा दिला.

"काका, घोड्यावर कधी बसायचे?"

"घोडीने 'ये' म्हटले, की बसायचे, बाळ."

पुढले तीन आठवडे मी जिनाला हातही लावला नाही. लीद उचलली, पाणी भरले आणि खरारा केला. तेव्हा त्याचा राग येई. आज मात्र त्यामागचे शास्त्र उमगते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. पण अगदी पाठीमागचे आणि अगदी कपाळापुढचे दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे जायचे ते खांद्याच्या रोखाने, आणि तेही बोलत बोलत. पळून जीव वाचवणे हा त्याचा मूळ स्वभाव. तेव्हा जो अचानक येतो तो त्याच्या लेखी शत्रू, आणि ज्याचा आवाज, वास व स्पर्श रोजचा असतो तो आपला. खरारा करताना केवळ धूळ निघत नाही. कोठे सूज आहे, कोठे जिनाने घासले आहे, कोठे हात लावताच कातडी थरथरते, हे सारे बोटांना कळते. खुराची वाढ महिन्याला साधारण एक सेंटिमीटर होते. म्हणून दीड-दोन महिन्यांनी नाल काढून खूर तासावा लागतो. रोज खूर उचलून त्यात अडकलेला खडा काढला नाही, तर मैदानात घोडे लंगडते आणि दोष मात्र घोड्याला दिला जातो.

मग एके दिवशी काकांनी मला डाव्या बाजूने उचलून जिनावर बसवले. डावीकडूनच का, हेही सांगितले. स्वाराची तलवार डाव्या कमरेला लटकलेली असे. उजवीकडून चढू लागल्यास ती पायांत येई. तलवारी गेल्या, पण रीत राहिली. पहिले कित्येक दिवस माझ्या हाती लगाम नव्हता. घोडीला लांब दोरावर धरून काका तिला वर्तुळात फिरवीत आणि मी दोन्ही हात कमरेवर ठेवून बसत असे. लगाम धरून तोल सांभाळणारा स्वार घोड्याच्या तोंडाला सतत हिसके देतो. लगामाची कडी असते ती पुढचे व मागचे दात यांमधील मोकळ्या हिरडीवर, आणि ती जागा फार नाजूक. म्हणून आधी मांड, मग लगाम, असा क्रम. कदम, दुडकी आणि चौखूर या चाली मी त्याच वर्तुळात शिकले. दुडकीत बोलता बोलता जीभ चावली जाई, आणि सारी मुले हसत.

त्या तबेल्याचा वास मला आजही आठवतो. ओल्या हरभऱ्याचा, चामड्याला लावलेल्या तेलाचा, वाळल्या गवताचा. पहाटे आमची पावले ऐकून आठही माना दावणीवरून वळत. माझ्या वाट्याला आलेली घोडी वयस्कर, तांबूस रंगाची आणि कमालीची सोशिक होती. तिच्यावर माझा जीव जडला, आणि त्या जीव जडण्यातूनच माझ्या हातून एक अपराध घडला.

एका संध्याकाळी फेरी संपल्यावर ती घामाने भिजलेली होती. मला तिची दया आली. काका नालबंदाशी बोलत होते. मी कोठीत शिरले, ठरलेल्या मापाच्या दुपटी-तिपटीने चंदी बादलीत ओतली आणि तिच्यापुढे ठेवली. तिने ती आनंदाने फस्त केली. आपण तिला सुख दिले, या समाधानात मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाहते तो काका तिला अंगणात हळूहळू फिरवीत होते. त्यांचे डोळे तारवटलेले होते. घोडीला रात्री पोटशूळ उठला होता. घोड्याचे पोट शरीराच्या मानाने लहान असते, आणि त्याला ओकारी होत नाही. आपल्याला अपचन झाले तर उलटी होऊन मोकळे वाटते. घोड्याला ती सुटका निसर्गाने दिलेली नाही. म्हणून त्याला थोडे थोडे, पण वारंवार खाऊ घालावे लागते, आणि दाण्यापेक्षा गवतावर त्याची मदार ठेवावी लागते. रात्रीच पशुवैद्यांना बोलावून आणले होते. नाकातून नळी घालून त्यांनी औषध पोटात सोडले, म्हणून ती वाचली.

मी रडत रडत सारे सांगून टाकले. आता तबेल्याचे दार आपल्याला बंद झाले, अशी माझी खात्री होती. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगितलेस हे बरे केलेस. तिला तोंड आहे, पण तिला सांगता येत नाही." आणि कोठीतले लाकडी मापटे त्यांनी माझ्या हातात ठेवले. "आजपासून हिचा दाणा तूच मोजायचा."

मी पुढे दोन वर्षे तो मोजला. एकदाही चुकले नाही. चिपळूणच्या छावणीस लिहिलेल्या त्या पत्रातला 'ती तुम्हीच मारली असे होईल' हा भाव मला उमगला तो त्या लाकडी मापट्यात. नुसती माया पुरेशी नसते. मायेला माप लागते. आणि चुकलेल्या मुलाच्या हातून काम काढून घेण्यापेक्षा तेच काम त्याच्यावर विश्वासाने सोपवावे, ही गोष्ट मी शिक्षिका होण्याच्या कितीतरी आधी पागेत शिकले.

अश्वविद्या ही मुख्यतः अशा जवळिकीतूनच येते. विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास' या ग्रंथात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची एक आठवण दिली आहे. दिसण्यास सारखेच उमदे असे दोन घोडे विक्रीस आले असता राणीने दोन्ही फिरवून पाहिले. एकाची किंमत भारी ठरवली आणि दुसऱ्याची अगदीच क्षुल्लक, कारण त्याच्या छातीत दोष होता. डोळ्यांना न दिसणारी ही व्यंगे पागेत वाढलेल्या माणसालाच कळतात. आणि केवढे दुर्दैव पाहा! जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरच्या अखेरच्या लढाईत त्याच राणीचा नेहमीचा घोडा तिच्यापाशी नव्हता, नवे घोडे ओढ्याच्या काठी अडले, अशी परंपरागत हकीकत आहे. स्वार आणि घोडा यांची ओळख एका दिवसात होत नाही, हे त्या प्रसंगाइतके कठोरपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

पुढे यंत्रे आली. संस्थानांच्या सेना भारतीय सेनेत विलीन झाल्यावर ग्वाल्हेर लान्सर्स, मैसूर लान्सर्स इत्यादी उरलेल्या घोडदळांतून १९५३ मध्ये एक नवी पलटण उभी करण्यात आली. तिलाच पुढे ६१वे घोडदळ असे नाव मिळाले. बाकीच्या पागा हळूहळू मोडल्या. कोठे मोटारखाने झाले, कोठे घरे उठली. आमचा पत्र्याचा तबेलाही आज नाही. तेथे इमारती आहेत. दफेदारकाका गेले, तांबूस घोडीही गेली.

भाषेने मात्र पागा सोडलेली नाही. निरुपयोगी माणसांच्या गर्दीला आपण खोगीरभरती म्हणतो. बडबड्या मुलाचा तोंडात तोबरा भरून गप्प बसवतो. खर्चाला लगाम घालतो. कामाचे घोडे कोठे अडले ते विचारतो. घोडे न पाहिलेली मुलेही ही भाषा बोलतात.

विद्याही अगदीच लोपली असे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या चमूने ड्रेसाज या अश्वचालीच्या स्पर्धेत सांघिक सुवर्णपदक मिळवले. दिल्लीच्या १९८२ च्या स्पर्धांनंतर, म्हणजे एकेचाळीस वर्षांनी घोडेस्वारीत देशाला लाभलेले ते पहिलेच सुवर्ण. त्या चौघांत आमच्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. या स्पर्धेत वेग मोजत नाहीत. स्वाराची सूक्ष्म खूण घोड्याला किती सहज कळते, ते पाहतात. ती वार्ता ऐकली तेव्हा मला मैदान आठवले नाही. पहाटेचा तबेला आठवला.

दसऱ्याला अजूनही पुष्कळ ठिकाणी घोड्याची पूजा होते. माझ्या वर्गातील त्या मुलीला मी आता पुरते उत्तर दिले आहे. 'पागा म्हणजे काय?' याचे उत्तर 'घोडे बांधण्याची जागा' एवढेच दिले, तर परीक्षेत गुण मिळतील. पण जी मुले तेथे वाढली त्यांना विचाराल, तर ती सांगतील की बसण्याआधी वाकायला आणि हुकूम देण्याआधी दाणा मोजायला शिकवणारी ती शाळा होती.