कुकर फुटला, तर दोष कोणाचा?

कुकर फुटला की घरात पहिला सवाल होतो तो स्वयंपाक करणाऱ्या बाईला. पाणी कमी घातले होते का? शिट्टी नीट बसवली नव्हती का? दुसऱ्या दिवशी नातेवाईक भेटायला येतात आणि म्हणतात, अल्लाहचे शुक्र, जीव वाचला. शुक्र मानायलाच हवे. पण ज्याने तो कुकर बनवला आणि ज्याने तो विकला, त्यांना कोणीच काही विचारत नाही. वाकलेले झाकण भंगारात जाते आणि भाजलेला हात घरच्या घरी बरा केला जातो. हे असेच चालू राहू नये, म्हणून हा लेख.

कुकर फुटतो कसा?

कुकरमध्ये वाफ कोंडली जाते. त्यामुळे आतले पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते आणि पाये, हरभरे, जून मटण लवकर शिजते. जादा वाफ शिट्टीतून बाहेर पडते. शिट्टीची नळी डाळीच्या फेसाने किंवा पायांच्या चरबीने चोंदली, तर सेफ्टी व्हॉल्व्ह कामाला येतो. त्यातला धातू ठरावीक उष्णतेला वितळतो आणि वाफेला वाट करून देतो. म्हणजे घाईगर्दीत एखादे दिवशी नळी साफ करायची राहिली, तरी चांगला कुकर फुटता कामा नये. तो फुटलाच, तर व्हॉल्व्ह का उघडला नाही, पत्रा पातळ होता का, आत दाब असताना झाकण निघालेच कसे, हे प्रश्न बाईला नव्हे तर उत्पादकाला विचारायचे असतात.

आयएसआय आता सक्तीचे

घरगुती प्रेशर कुकरसाठी आयएस २३४७ हे भारतीय मानक आहे. १ फेब्रुवारी २०२१ पासून या मानकात न बसणारा आणि आयएसआय चिन्ह नसलेला कुकर विकता येत नाही. तरीही असे कुकर बाजारात आणि ऑनलाइन विकले जात होते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोन्ही कंपन्यांना प्रत्येकी १ लाख रुपये दंड केला. अ‍ॅमेझॉनवरून असे २,२६५ आणि फ्लिपकार्टवरून ५९८ कुकर विकले गेले होते. ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या आणि पैसे परत करा, असा तो आदेश होता. कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. पण मोठ्या नावाच्या दुकानातून घेतले म्हणजे माल चोख, हा भरवसा पुरेसा नाही, एवढे यातून कळले.

कुकर घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाइलवर भारतीय मानक ब्यूरोचे 'बीआयएस केअर' हे अ‍ॅप घेऊन त्यात हा क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आणि कशासाठी आहे, ते दिसते. चिन्ह छापणे सोपे असते, म्हणून क्रमांक तपासणे महत्त्वाचे. आणि बिल घ्यावेच. आठवडी बाजारातल्या बिननावाच्या कुकरचा उत्पादक सापडला नाही, तर कायद्याने विक्रेता जबाबदार ठरतो. पण त्याने विकला हे दाखवायला बिल लागते.

बिल अब्बांच्या नावावर, हक्क कोणाचा?

आपल्या घरांत बिल बहुतेक वेळा पुरुषाच्या नावाने असते आणि चुलीपाशी उभी असते ती घरची बाई. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने हा प्रश्न सोडवला आहे. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच असते. त्यामुळे बायको, सून, किंवा लग्नात माहेरहून कुकर मिळालेली मुलगी स्वतःच्या नावाने तक्रार करू शकते. घरी डबे बनवून पोट भरणाऱ्या भगिनीलाही हा हक्क आहे, कारण केवळ उपजीविकेसाठी स्वतः केलेले काम कायदा धंदेवाईक वापर मानत नाही.

याच कायद्यात उत्पादन दायित्वाची तरतूद आहे. सदोष वस्तूमुळे इजा झाली, मृत्यू झाला किंवा घरातल्या दुसऱ्या वस्तूंचे नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. इजेपाठोपाठ होणारा मानसिक त्रासही त्यात धरला जातो. दोष बनावटीतला असो, रचनेतला असो, की वापराच्या सूचना नीट न दिल्याचा असो.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. वस्तूचा गैरवापर केला किंवा तिच्यात फेरफार केला, तर विक्रेत्याला त्यावर बोट ठेवता येते. व्हॉल्व्हच्या जागी खिळा ठोकणे, दुसऱ्याच कंपनीचे रबर बसवणे, काठोकाठ डाळ भरणे, यामुळे जीवही धोक्यात येतो आणि दावाही.

अपघात झालाच तर

फुटलेला कुकर, झाकण, शिट्टी, तुकडे काहीही फेकू नका. धुऊही नका. जागेचे आणि जखमेचे फोटो काढा. दवाखान्याच्या कागदावर 'कुकर फुटून भाजले' असे कारण लिहून घ्या. बिल, गॅरंटी कार्ड, खोका जपून ठेवा.

मग कंपनीला आणि दुकानदाराला लेखी कळवा. दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते. त्यानेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी दिल्लीची असली तरी. वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. गरज पडल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेतो. मुदत २ वर्षांची आहे. कोणाला इजा झाली नसली, पण दुकानात बिनाचिन्हाचे कुकर दिसले, तर जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार करता येते.

सब्र आणि हक्क

मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या बोटांना ओल लागली, हा प्रसंग हदीसमध्ये आला आहे. धान्य पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्याला विचारले आणि फसवणुकीबद्दल कडक शब्दांत बजावले. मालातला ऐब लपवणे गुनाह आहे आणि ऐब निघाल्यास सौदा मोडण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क फिकहने मान्य केला आहे. मुसिबतीत सब्र करावा, हे खरेच. पण ती मुसिबत कोणाच्या लबाडीने आली असेल, तर गप्प राहिल्याने तोच माल उद्या दुसऱ्या घरच्या चुलीवर चढतो. तो थांबवणे हीदेखील शेजाऱ्याची खिदमतच आहे.

आज भांडी आवरताना आपल्या कुकरचा परवाना क्रमांक एकदा पाहा. तो खोटा निघाला, तर सेहरीची डाळ साध्या पातेल्यात शिजवलेली बरी.