भर उन्हात अंडी राखणारी टिटवी

मे महिन्यात धाराशिव जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो, मुरमाड माळावर दुपारी अनवाणी पाऊल ठेववत नाही. नेमक्या याच दिवसांत टिटवी उघड्या जमिनीवर अंडी राखत असते. परंडा तालुक्यातलं सीना-कोळेगाव, माकणीचं निम्न तेरणा ही धरणं, गावोगावचे पाझर तलाव, सगळ्यांचं पाणी उन्हाळ्यात मागे सरकतं. अशा उघड्या पडलेल्या काठावर नाहीतर लगतच्या नांगरटीत ती जागा धरते. मागचं बोट नावापुरतंच, त्यामुळे फांदी धरून बसणं तिला जमत नाही.

घरटं म्हणजे उथळ खळगा, कडेला खडे किंवा लेंड्या. आत बहुधा चार अंडी, निमुळती टोकं मध्याकडे. मातकट रंगावर काळे डाग असे की पायाशी असूनही दिसत नाहीत.

अंड्यातला जीव वाढायला बेताची ऊब लागते. कोंबडीच्या उबवणी यंत्रात ती साधारण ३७.५ अंश ठेवतात. रात्री नर-मादी आळीपाळीने बसून ऊब देतात. दुपारी मात्र हवाच त्याहून गरम आणि जमीन हवेपेक्षाही तापलेली. मग काम उलटं होतं, अंडी तापू द्यायची नसतात. टिटवी त्यांच्यावर उभी राहून सावली धरते. पक्ष्यांना घाम येत नाही, म्हणून चोच उघडून धापा टाकते. त्या ओलाव्याबरोबर अंगातली उष्णता बाहेर पडते. तेवढ्याने भागेना की ती पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसते. अंड्यांना लागलेलं पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं, माठ गार होतो तसंच. पाणी सहज जाऊन येण्याच्या टप्प्यात हवं ते यासाठीही.

टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, असा शेतकऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. मला तो पटत नाही. पाणी जवळ आणि चहूकडे नजर पोचेल अशी मोकळी जागा, एवढ्यावरून तिची निवड पुरेशी उलगडते.

सुमारे चार आठवड्यांनी पिल्लं निघतात, अंग वाळताच चालू लागतात, किडे स्वतःच टिपतात. तोवर भर दुपारी टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर घरटं शोधत थांबू नये. आपण तिथे असेपर्यंत ती अंड्यांवर परतत नाही आणि तेवढ्या उन्हानेही आतला जीव जाऊ शकतो.