टंचाईतील पाणीसाठा आणि डासांची पैदास

चेन्नईच्या दक्षिण भागातील शोळिंगनल्लूर माहिती-तंत्रज्ञान उद्योगासाठी ओळखले जाते. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे जलाशय आटले, तेव्हा या पट्ट्यातील काही कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरूनच काम करण्यास सांगितले. घरोघरी टँकरच्या पाण्याचाच आधार उरला. पाणी अनियमित झाले की ते साठवणे अपरिहार्य ठरते आणि उघडा साठा डासांच्या पथ्यावर पडतो.

शहरी हिवतापाचा प्रसारक ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास छतावरील टाक्या, विहिरी व बांधकामावरील हौद यांतील पाण्यावर अंडी घालतो. डेंग्यूचा प्रसारक एडिस इजिप्ती मात्र पिंपाच्या आतील बाजूस, पाण्याच्या पातळीलगत अंडी चिकटवतो. ती कोरड्या अवस्थेतही अनेक महिने तग धरतात. म्हणून पिंप केवळ रिकामे करून भागत नाही; ते आतून घासावे लागते.

टँकरवर अवलंबून असलेल्या मराठवाड्यातील गावांनाही हेच लागू पडते. उष्ण हवामानात अंड्यापासून प्रौढ डास होण्यास साधारणतः ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यामागील कारण हेच होय.

तथापि, टंचाईत पाणी ओतून देण्याचा सल्ला कोणी मानणार नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी पाणी दाट कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळून घेण्यास सांगावे. कापडावरील अळ्या कोरड्या जमिनीवर टाकाव्यात, पिंप घासून पुन्हा भरावे व घट्ट झाकावे. मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडावेत. पेरणीच्या तोंडावर घरात ताप शिरला, तर मजुरी आणि हंगाम दोन्ही हातचे जातात.