पापण्यांची पाल आणि तिच्या रंगाची किंमत

आपल्या घरातल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात. तिच्या डोळ्यावर एक पारदर्शक आवरण कायमचं बसलेलं असतं आणि ते स्वच्छ ठेवायला ती जीभ काढून डोळा चाटते. पालींच्या मोठ्या घराण्यातल्या एका शाखेने मात्र पापण्या सोडल्या नाहीत. जगभर हौसेने पाळली जाणारी ‘लेपर्ड गेको’ ही त्या शाखेतली. ती डोळे मिटून झोपते, जागी झाल्यावर सावकाश उघडते. तिच्या बोटांखाली चिकटून धरणाऱ्या पट्ट्या नाहीत, नुसती नखं आहेत. त्यामुळे काचेवर किंवा गुळगुळीत भिंतीवर चढणं तिला जमत नाही. ती जमिनीवरची, दगडाखालची पाल आहे. लांबी साधारण वीतभर, शेपूट जाड, अंग पिवळसर आणि त्यावर काळे ठिपके.

कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ मध्ये या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. ज्या डोंगररांगेतून सैंधव मीठ निघतं, त्या पंजाबच्या मिठाच्या डोंगरांतले नमुने त्यांच्यापुढे होते. आज तो भाग पाकिस्तानात आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताचा कोरडा, खडकाळ टापू हे या पालीचं मूळ घर. तिथे दिवसा अंग भाजतं आणि रात्री हवा झपाट्याने गार होते. ही पाल उन्हात पडून राहत नाही. अंधार पडताना बाहेर येते आणि दिवसभर तापलेल्या दगडाला पोट टेकवून ऊब घेते. चूल विझल्यावरही तवा बराच वेळ गरम राहावा, तसे ते दगड रात्री उशिरापर्यंत गरम असतात.

ही एक गोष्ट ज्याला कळली, त्याला ही पाल पाळता येते. बाकीचं सगळं त्यातून येतं.

कुत्र्यामांजराचं शरीर स्वतःची उष्णता स्वतः तयार करतं. पालीला ती बाहेरून मिळवावी लागते. किडा पकडला, गिळला, एवढ्याने तिचं जेवण होत नाही. पोटातल्या पाचकरसांना काम करायला ऊब लागते, ती मिळाली नाही तर गिळलेला किडा पोटातच सडू लागतो. रोगाशी लढणाऱ्या पेशींचंही तसंच. म्हणून जाणकार माणूस पालीची पेटी एकसारखी तापवत नाही. एका टोकाच्या जमिनीचं तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस ठेवतो, दुसरं टोक २५ च्या आसपास, आणि दोन्हीकडे लपायला जागा करतो. कधी कुठे बसायचं ते पाल ठरवते. पोट भरलं की ती गरम दगडाखाली जाते, मग उठून गार कोपऱ्यात सरकते. आत एक ओलसर कोनाडाही लागतो, कारण कोरड्या जागेत कात नीट सुटत नाही. बोटांना अडकून राहिलेली कातीची कडी आवळत जाते आणि बोट गळून पडतं. कात नीट सुटली, तर पाल ती स्वतःच खाऊन टाकते.

बाजारात हीट मॅट सहज मिळते. तिला थर्मोस्टॅट जोडायचा असतो, हे मात्र दुकानदार दर वेळी सांगतोच असं नाही. थर्मोस्टॅटशिवायच्या चटईवर पोट भाजलेल्या पाली पशुवैद्यांकडे येतात. त्याहून जास्त पाली हाडं मऊ पडलेल्या अवस्थेत येतात. रातकिडे आणि मीलवर्म यांच्या अंगात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असतं. ते तसेच खायला घातले, की रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. आधी जबडा रबरासारखा होतो, मग पाय वाकतात, मग पाल पोट उचलून चालू शकत नाही. यावरचा उपाय स्वस्त आहे: किड्यांना कॅल्शियमची भुकटी लावायची, ‘ड’ जीवनसत्त्व द्यायचं किंवा सौम्य यूव्हीबी दिवा लावायचा, आणि किड्यांनाही आधी चांगलं खायला घालायचं. इतक्या साध्या गोष्टीवाचून एक प्राणी वाकड्या पायांनी उरलेलं आयुष्य ओढतो, याचा मला राग येतो. आणि ते आयुष्य छोटं नसतं. नीट सांभाळलेली लेपर्ड गेको पंधरा-वीस वर्षं जगते. आठवीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेली पाल त्याच्या लग्नानंतरही घरात असू शकते.

ऊब या पालीच्या आयुष्यात किती खोलवर शिरलेली आहे, ते तिच्या अंड्यांत दिसतं. मादी एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते. त्यांचं कवच मऊ, चिवट असतं. पिल्लू नर होणार की मादी, हे ठरवणारी गुणसूत्रं या जातीत नाहीत. ते काम मातीचं तापमान करतं. २६ अंशांच्या आसपास उबवलेल्या अंड्यांतून जवळजवळ सगळ्या माद्या निघतात. साडेबत्तीस अंशांना नर जास्त असतात. तापमान ३४-३५ अंशांवर गेलं, की पुन्हा माद्यांची संख्या वाढते. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांना आढळलेली सगळ्यात विलक्षण गोष्ट मादीनरांच्या संख्येपलीकडची आहे. नर जास्त निघतात त्या उष्णतेत जन्मलेल्या थोड्या माद्या गार अंड्यांतल्या माद्यांपेक्षा अधिक आक्रमक असतात आणि नरांना कमी आकर्षक वाटतात. अंड्यात असताना मिळालेल्या सहा-सात अंशांच्या फरकाचा ठसा प्रौढ प्राण्याच्या स्वभावावर राहतो! हे प्रयोग जंगलात जमले नसते. ज्या प्राण्याची पैदास माणसाच्या हाताखाली सहज होते, त्याच्यावरच ते होऊ शकले.

शेपटीवरही असाच अभ्यास झाला. तिथे चरबी साठवलेली असते आणि उपासमारीच्या दिवसांत तीच कामी येते. शत्रूने धरलंच तर पाल ही शिदोरी सोडून पळते. अँथनी रसेल आणि टिमथी हायम यांनी तुटलेल्या शेपटीच्या स्नायूंचा अभ्यास करून २००९ मध्ये दाखवलं, की मेंदूशी संबंध तुटल्यावरही ती शेपूट एकसुरी वळवळत नाही. ती मध्येच दिशा बदलते आणि तीन सेंटिमीटरपर्यंत उसळी घेते. नवी शेपूट येते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेची सलग नळी असते, आणि ती मूळ शेपटीपेक्षा आखूड व फुगीर दिसते. कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठात या पुनर्वाढीचा अभ्यास चालू आहे. तिथल्याच संशोधकांनी २०१८ मध्ये या पालीच्या मेंदूत प्रौढपणीही नव्या चेतापेशी तयार होतात, हे दाखवलं.

असा प्राणी हाताशी असताना बाजाराने मात्र त्याच्या रंगाकडे पाहिलं.

या पालीचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर काळे-पिवळे आडवे पट्टे असतात. वाढीबरोबर पट्टे फुटत जातात आणि त्यांचे ठिपके होतात. त्वचेतल्या रंगपेशींचा हा खेळ असतो. काही पेशींत पिवळी रंगद्रव्यं असतात, काहींत काळं मेलॅनिन. इरिडोफोर नावाच्या तिसऱ्या पेशींत रंग नसतो. त्यांत ग्वानीनचे चपटे स्फटिक रचलेले असतात आणि ते प्रकाश परावर्तित करतात, म्हणून ती जागा पांढरी, चमकदार दिसते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक असलेलं ग्वानीन इथे आरशाचं काम करतं.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत पैदास करणाऱ्यांनी या पेशींतले अपघाती बदल हेरून शेकडो ‘मॉर्फ’, म्हणजे रंगरूपाचे वाण, तयार केले. १९९० च्या दशकात काळा रंग हरवलेल्या अल्बिनो पाली आल्या. त्यांचे तीन वाण झाले: ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर. दिसायला जवळजवळ सारखेच, पण दोन वेगळ्या वाणांचा संकर केला तर पिल्लं सगळी नेहमीच्या रंगाची निघतात. म्हणजे तीन वाणांत तीन वेगळी जनुकं बिघडलेली आहेत आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो. कॉलेजात मेंडेलचे वाटाणे रटण्यापेक्षा हा संकर समोर पाहिला तर आनुवंशिकी कायमची लक्षात राहील, असं मला खात्रीने वाटतं. इथवर हौस आणि विज्ञान हातात हात घालून चालतात.

पुढे वाट बिघडते. ‘एनिग्मा’ हा चितकबरा मॉर्फ २००६ च्या सुमारास बाजारात आला आणि खूप खपला. यातल्या अनेक पाली मान वाकडी करून गोल गोल फिरतात, किड्यावर झडप घालताना नेम चुकतो, घाबरल्या तर कोलमडतात. ज्या जनुकाने रंग दिला, त्यानेच तोल नेला. दोन्ही वेगळे करता आलेले नाहीत. बॉल पायथन या अजगराच्या ‘स्पायडर’ मॉर्फमध्येही डोकं असंच डगमगत राहतं.

आणि मग लेमन फ्रॉस्ट. २०१५ मध्ये अमेरिकेतले एक पैदासकार स्टीव्ह साइक्स यांनी लिलावात दोन पाली घेतल्या. अंग लिंबासारखं पिवळंधमक, पोट आणि डोळे पांढरेशुभ्र. असा रंग याआधी कोणी पाहिला नव्हता. त्यातल्या नराचं नाव त्यांनी मिस्टर फ्रॉस्टी ठेवलं आणि पैदास सुरू केली. वर्षभरात काही पिल्लांच्या कातडीवर बारीक पांढऱ्या गाठी दिसू लागल्या. त्या गाठी अर्बुदं होत्या, त्याच चमकदार इरिडोफोर पेशींची. रंग उजळ दिसत होता तो या पेशी गरजेपेक्षा जास्त झाल्यामुळे, आणि त्यांची वाढ थांबतच नव्हती.

साइक्स यांनी हे झाकून ठेवलं नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले आनुवंशिकीतज्ज्ञ लिओनिड क्रुग्ल्याक आणि त्यांच्या प्रयोगशाळेतले लाँगहुआ गुओ यांना त्यांनी आपल्या पालींचे नमुने दिले. मिस्टर फ्रॉस्टीच्या वंशातल्या रंगीत आणि साध्या पालींचा डीएनए शेजारी ठेवून शोध सुरू झाला. एका माणसाने काळजीपूर्वक ठेवलेल्या पैदाशीच्या नोंदी इथे सोन्याच्या मोलाच्या ठरल्या. जून २०२१ मध्ये ‘प्लॉस जेनेटिक्स’मध्ये उत्तर प्रसिद्ध झालं. फरक होता ‘स्पिंट-१’ या जनुकाच्या परिसरात. पेशींची बेसुमार वाढ रोखणं हे या जनुकाचं काम. माणसातल्या मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध दिसलेला आहे. लेमन फ्रॉस्टपैकी ८० टक्क्यांहून जास्त पालींना सहा महिने ते पाच वर्षं या वयात अर्बुदं होतात. बदललेलं जनुक आईवडील दोघांकडूनही आलं असेल, तर कातडीच जाड होते.

त्वचेचा कर्करोग समजून घ्यायला एक नवा प्राणी मिळाला, हे या शोधाचं मोठं फळ आहे. साइक्स यांनी या वाणाची पैदास थांबवली. ज्या रंगासाठी त्यांनी पैसे मोजले होते, तोच रंग त्यांनी सोडून दिला. आपल्या पेटीतल्या प्राण्यावर खरी माया असलेल्या माणसाची मला ही ओळख वाटते. पाल विकत घेणाऱ्याने रंगाचं नाव विचारण्याआधी तिच्या आईबापाच्या तब्येतीची नोंद मागितली, तर विकणाऱ्यालाही ती ठेवावी लागेल.

या पालीचे जवळचे भाऊबंद आपल्याकडे रानात आहेत. ‘युब्लेफॅरिस फस्कस’ ही जात महाराष्ट्र आणि गुजरातच्या कोरड्या माळांवर, दगडगोट्यांच्या उतारांवर राहते. सातपुड्यातली वेगळी जात तर विज्ञानाला २०१४ मध्ये कळली. झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं वर्णन केलं आणि नावही सातपुड्याचंच दिलं. यांना पकडून पेटीत आणायचं नाही. पैदाशीत जन्मलेल्या प्राण्याला माणसाच्या पेटीपलीकडचं घर माहीत नसतं. रानातली पाल उचलली की तिथली अंडी घालणारी एक मादी कमी होते, आणि दोन-दोन अंडी घालणाऱ्या प्राण्याला ती तूट भरून काढायला वेळ लागतो. रानातल्या इतर सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी घोरपड, अजगर आणि तारांकित कासव यांना वन्यजीव संरक्षण कायदा सर्वोच्च संरक्षण देतो. तारांकित कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार तर २०१९ पासून जवळजवळ पूर्ण बंद आहे. तरीही ‘घरात कासव असलं की लक्ष्मी येते’ म्हणत लोक ते चोरून विकत घेतात आणि नुसत्या काकडीवर ठेवतात. परदेशी प्राण्यांसाठीही २०२२ च्या कायदेदुरुस्तीपासून नियम बदलले आहेत. वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीतला प्राणी घरी असेल, तर त्याची सरकारकडे नोंद करावी लागते.

माळावरच्या या पालीला पकडणाऱ्यांपेक्षा मारणारे जास्त भेटतात. पावसाळी रात्री ती गाडीवाटेवर येते. बॅटरीच्या उजेडात पाय ताठ करून अंग उचलते, शेपूट हळूहळू हलवते आणि पाहणारा घाबरून ‘विषारी आहे’ म्हणत दगड उचलतो. जगातली एकही पाल विषारी नाही. ही तर माळावरचे किडे आणि विंचू खाते. वाटेत दिसली तर दिवा थोडा बाजूला धरायचा, मिनिटभरात ती दगडाखाली निघून जाते. घरात शिरली असेल आणि हात लावायची भीती वाटत असेल, तर झाडूने हळूच डब्यात घेऊन कुंपणाबाहेरच्या दगडांपाशी सोडायची, किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा.