एक मॉडेल आणि वीस कॅमेरे

रविवारी सकाळी वसईच्या किल्ल्यात गेलात, तर पडक्या चर्चच्या कमानीखाली पुष्कळदा एक गंमत पाहायला मिळते. नऊवारी नेसलेली, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर अशी एक तरुणी भिंतीला टेकून उभी असते आणि तिच्यासमोर पंधरा-वीस मंडळी कॅमेरे रोखून असतात. कोणी गुडघे टेकलेले, कोणी दगडावर चढलेले, तर कोणी चक्क मातीत आडवे झालेले! नवख्याला वाटावे, सिनेमाचे चित्रण चालले आहे. तसे काही नसते. ही सारी मंडळी बँकेतली, कचेरीतली, कॉलेजातली. आठवडाभर राबून रविवारी फी भरून आलेली. ती तरुणी म्हणजे चार तासांसाठी ठरवलेली मॉडेल. पोर्तुगीजांच्या कमानीखाली हा पेशवाई थाट कसा, असे कोणी विचारू नये. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हाच त्याची सोय झाली असे समजावे.

या सामुदायिक चित्रणाचा मोह का पडतो, हे समजण्यासारखे आहे. एकट्याने मॉडेल ठरवायची, तिचा रंगभूषाकार आणायचा, दिवे भाड्याने घ्यायचे, म्हणजे पगारदार माणसाचा महिन्याचा हिशेब कोलमडतो. वीस जणांनी मिळून खर्च वाटून घेतला की काम स्वस्तात होते. निदान तसे वाटते.

आता जरा हिशेब मांडून पाहू. समजा, कार्यक्रम चार तासांचा आहे. म्हणजे दोनशे चाळीस मिनिटे. त्यातली एक साडी बदलून दुसरी नेसण्यात, चहात, आणि ऊन ढगाआड गेले म्हणून वाट पाहण्यात ऐंशी मिनिटे सहज जातात. उरलेल्या एकशे साठ मिनिटांना वीसने भागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ मिनिटे येतात. तीही सलग नव्हेत! दीड हजार रुपये फी धरली, तर मिनिटाला जवळजवळ एकशे नव्वद रुपये पडले. या दरात तुम्हाला मॉडेल मिळते असेही नाही. तिच्यासमोरच्या गर्दीतली एक जागा मिळते.

जागेचाही प्रकार असा की, ज्याच्याकडे रुंद दृश्य टिपणारी लेन्स तो पुढे सरसावतो, आणि मग मागच्या दहा जणांच्या चित्रांत त्याचे टक्कल येते. मागचे ओरडतात, पुढचा मान खाली घालतो. तेवढ्यात चेहऱ्यावरचा भाव निघून गेलेला असतो. नजरेची अडचण तर याहून मोठी. माणसाला एका वेळी एकाच भिंगात पाहता येते. ज्याच्याकडे ती पाहते त्याचे चित्र जमते, बाकी एकोणीस जणांना कानशील मिळते. म्हणून मग सगळीकडून हाका सुरू होतात. “मॅडम, इकडे!” “मॅडम, जरा हनुवटी वर!” “मॅडम, हसू नका!” “मॅडम, हसा!” अर्ध्या तासाने त्या बाईंच्या चेहऱ्यावर जे हसू उरते, ते लग्नाच्या स्वागत-समारंभात रात्री अकरा वाजता उभ्या असलेल्या नवरीचे असते.

फ्लॅशचे दिवे असले, तर आणखी एक गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. हे दिवे एका छोट्या बिनतारी ट्रिगरने पेटतात. तो कॅमेऱ्यावर बसवलेला असतो, आणि ज्याच्याकडे तो असेल त्याचेच चित्र उजळते. शेजाऱ्याच्या पदरी काळोख. त्यामुळे ट्रिगर हातोहात फिरतो, पंगतीतल्या तुपाच्या भांड्यासारखा. आपली पाळी येईपर्यंत दिव्याचा कोन, झाकणाचे कापड, मॉडेलची मान, हे सारे आयोजकांनी ठरवलेले असते. कॅमेऱ्याचा वेग आणि छिद्र किती ठेवायचे, तेही तेच मोठ्याने सांगतात. आपण फक्त बोट दाबायचे. प्रकाश कुठून घ्यावा, समोरच्या माणसाशी काय बोलावे, केव्हा थांबावे, म्हणजे खरे शिकण्यासारखे जे असते, तेच नेमके दुसऱ्याने उरकलेले असते. घरी आल्यावर वीस जणांच्या संगणकांवर एकच चित्र उमटते. फरक असलाच तर टकलाचा.

इथपर्यंतचे नुकसान पैशाचे आणि हौसेचे. त्या मुलीच्या बाजूने पाहिले, तर प्रकरण इतके हसण्यावारी नेता येत नाही. तिची बोलणी झालेली असतात आयोजकांशी. चित्रे मात्र वीस अनोळखी माणसांच्या खिशात जातात. ती कुठे छापायची, कुठे चढवायची, कोणत्या जाहिरातीला द्यायची, याचा लेखी करार प्रत्येकाशी झालेला असतोच असे नाही. एकच छायाचित्रकार असेल, तर त्याचा कॅमेरा कुठे रोखलेला आहे ते तिला दिसते, आणि नको असेल तर ‘नको’ म्हणता येते. वीस कॅमेऱ्यांत डावीकडच्या सातव्याने लांब पल्ल्याची लेन्स कशावर रोखली आहे, हे तिला कसे कळावे? त्यातून किल्ल्यात कपडे बदलायला धड आडोसा नसतो. काही मुली बरोबर आईला किंवा बहिणीला आणतात. ती माउली पिशवी सांभाळत एका दगडावर बसलेली असते. त्या सबंध घोळक्यात त्या मुलीकडे माणूस म्हणून पाहणारी बहुधा तेवढी एकच. आणि ‘तुमचा पोर्टफोलिओ होईल’ एवढ्या आश्वासनावर फुकट उभ्या केलेल्या नवख्या मुलींची गोष्ट तर वेगळीच. फी भरलेल्या वीस जणांनी तिला काय मिळाले हे विचारायला नको का?

हे लोण आपल्यापुरतेच नाही. चीनमध्ये ली नदीकाठी शिंगपिंग म्हणून गाव आहे. तिथले डोंगर वीस युआनच्या नोटेवर छापलेले आहेत. तिथले कोळी पाणकावळ्यांच्या गळ्याला दोरी बांधून मासे धरीत, मोठा मासा पक्ष्याला गिळता येऊ नये म्हणून. आता पांढऱ्या दाढीचे म्हातारे कोळी पहाटे कंदील लावून बांबूच्या तराफ्यावर उभे राहतात ते माशांसाठी नव्हे, काठावरच्या तिकाट्यांच्या रांगेसाठी. फूच्येन प्रांतात श्यापू इथे तर वडाच्या झाडांखाली गवत जाळून धुके करतात, आणि शेतकरी म्हशीला घेऊन त्यातून चालतो. घोळक्याचे समाधान होईपर्यंत पुन्हा मागे जाऊन पुन्हा चालतो. म्हातारपणी बसल्या जागी दोन पैसे मिळत असतील, तर त्या कोळ्याला बोल लावण्याचे कारण नाही. खोटेपणा आहे तो चित्राखाली ‘कष्टकऱ्याची पहाट’ असे लिहिणाऱ्याचा.

२०१९ साली दुबईच्या हमदान छायाचित्र स्पर्धेत ‘आशा’ या विषयावर एका मलेशियन छायाचित्रकाराला एक लाख वीस हजार डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले. चित्र होते व्हिएतनाममधल्या एका गरीब आईचे, मुलांना कवटाळलेल्या. काही दिवसांतच दुसरे एक छायाचित्र लोकांसमोर आले: तीच आई, तीच मुले, आणि भोवती कॅमेरेवाल्यांचा घोळका. विजेत्याचे म्हणणे, आपण काहीही घडवून आणले नव्हते. असेल. पण लोकांना ते दुसरे चित्र विसरता आले नाही. अमेरिकेच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या प्रवासचित्रांच्या नियमांत तर भाड्याने आणलेल्या किंवा सूचना देऊन उभ्या केलेल्या माणसांना जागाच नाही. या नियमांनी चालणाऱ्या स्पर्धेच्या त्या विभागात वसईची नऊवारी पाठवाल, तर प्रवेशशुल्कही गेले म्हणून समजा.

होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत होत्या, तेव्हा त्यांनी आपल्या वर्गमैत्रिणीची, रेहाना मुघलची, कितीतरी चित्रे घेतली. गोष्ट १९३०-४० च्या दशकातली. समोर एक मैत्रीण, हातात एक कॅमेरा. ना ट्रिगर, ना घोळका. त्या चित्रांतली मुलगी आजही मोकळी, स्वतःच्या तंद्रीत दिसते. कोणाच्या हाकेला मान वळवावी लागलेली नाही ना!

मॉडेलच हवी असेल, तर तिघा-चौघांनी मिळून ठरवावी, दोन तासच ठरवावी, आणि एक जण चित्रे घेत असताना बाकीच्यांनी कॅमेरे पिशवीत ठेवून दिवा धरावा. फी भरण्याआधी आयोजकांना बेधडक विचारावे: कॅमेरे एकूण किती? मॉडेलला मोबदला काय? करार कोणाकोणाशी? कपडे बदलायची जागा कुठे? पहिल्याच प्रश्नाला ‘जितके येतील तितके’ असे उत्तर आले, तर त्या रविवारी घरीच राहावे. खिडकीपाशी आजी वाती वळत बसलेली असते, सकाळचे ऊन तिच्या हातांवर पडलेले असते, आणि तिच्यासमोर तुमच्याखेरीज दुसरा कॅमेरा नसतो. फक्त आधी तिला विचारा, ती बहुधा म्हणेल, “थांब, चांगलं लुगडं नेसून येते.”