खुर्ची, पडदा आणि दाराची मूठ

मागच्या दोन व्याख्यानांत आपण कलावस्तूंबद्दल बोललो, म्हणजे चित्र, शिल्प, कविता यांच्याबद्दल. आज जरा खाली उतरू या आणि घरात येऊ या. आजचा विषय आहे नव्या घरांतल्या 'डिझायनर' वस्तू: फर्निचर, कापड आणि भिंती-दारांना बसवलेल्या फिटिंग्ज. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत सोफा आणि नळ कुठून आले, असं काही जणांना वाटेल. पण ज्या वस्तूंना आपला हात दिवसातून शंभर वेळा लागतो, त्यांचा विचारच करायचा नाही, हे कसलं तत्त्वज्ञान?

सुरुवात घरच्या गोष्टीनं करतो. आम्ही दोघं मुलाकडे राहतो. गेल्या वर्षी चिरंजीवांनी फ्लॅटचं इंटिरिअर नव्यानं करून घेतलं. काम देखणं झालं, यात शंका नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटांना मुठी नाहीत. पांढरीशुभ्र सलग भिंतच वाटते. दाबलं की दार उघडतं. शेगडी काचेची, बटणं स्पर्शाची. बाथरूमच्या दाराला गोल गुळगुळीत गोळा. दिवाणखान्यात जमिनीलगतचा सोफा, उघड्या भिंती, पडदे नाहीत.

महिनाभरानं आमच्या लक्षात आलं, की पहाटेचा चहा बंद झालाय. चाळीस-पंचेचाळीस वर्षं आमच्या सौ. पाच वाजता उठून चहा करत आल्या. आता सूनबाई उठेपर्यंत त्या नुसत्या बसून राहत. त्यांना संधिवात आहे, बोटांत जोर नाही. विचारलं तर म्हणाल्या, "अहो, त्या कपाटाला धरायचं कुठं तेच कळत नाही. परवा जोरात दाबलं, तर मनगटच दुखावलं." आम्ही उदारपणे म्हणालो, "मग चहा आम्ही करू." त्यावर त्या म्हणाल्या, "चहा तुम्हीही कराल हो. पण माझ्याच घरात मला साखरेचा डबा काढता येत नाही, त्याचं काय?"

श्रोतेहो, आजचं व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे.

आधी दोन कल्पना स्पष्ट करून घेऊ. पहिली कांटची. १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या मीमांसेत कांट सौंदर्याचे दोन प्रकार करतो. फूल सुंदर आहे असं म्हणताना फूल कशासाठी असतं हे आपल्याला माहीत असण्याची गरज नसते. हे स्वतंत्र सौंदर्य. पण इमारत सुंदर आहे असं म्हणताना ती कशासाठी बांधलीय याची कल्पना आधी मनात असावी लागते. हे दुसऱ्या कशावर तरी अवलंबून असलेलं सौंदर्य. मराठीत रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'त कांटची विस्तारानं चर्चा आहे. ज्यांना खोलात जायचंय त्यांनी ती जरूर वाचावी. आपल्यापुरता मुद्दा असा, की खुर्चीचं सौंदर्य दुसऱ्या जातीचं आहे. बसता न येणारी खुर्ची 'सुंदर आहे, पण गैरसोयीची' असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर तिला फुलाच्या रांगेत नेऊन बसवतो.

दुसरी कल्पना हायडेगरची, १९२७ मधली. तो हातोड्याचं उदाहरण देतो. सुतार खिळा ठोकत असतो तेव्हा त्याचं लक्ष हातोड्याकडे नसतं, कामाकडे असतं. हातोडा जणू हातात विरून गेलेला असतो. दांडा निखळला, की मग तो एक 'वस्तू' म्हणून समोर उभा राहतो. चांगलं साधन कामात अदृश्य होतं, असं आपण याचं सार सांगू.

आता गंमत बघा. बिनमुठीचं कपाट बनवणाराही हेच म्हणतो: आम्ही मूठ अदृश्य केली! पण अदृश्य होण्याच्या दोन तऱ्हा आहेत. हातोडा हाताला इतका येतो, की मनाला त्याची दखल घ्यावी लागत नाही. कपाटाची मूठ मात्र फक्त डोळ्यापुरती नाहीशी झालीय, आणि त्यामुळेच हाताला दर वेळी तिचा शोध घ्यावा लागतोय. पहिल्या तऱ्हेत वस्तू माणसाची वाट मोकळी करते. दुसऱ्या तऱ्हेत खोलीचा फोटो चांगला येतो. समकालीन घरसजावटीतला बराच गोंधळ या दोन तऱ्हा एकच समजण्यातून होतो, असं आमचं म्हणणं आहे.

हे तीन वस्तूंवर तपासून बघू.

पहिली खुर्ची. तुमच्यापैकी पुष्कळांनी इराण्याच्या हॉटेलात गोल वाकवलेल्या पाठीच्या लाकडी खुर्चीवर बसून मस्कापाव खाल्ला असेल. त्या घराण्याची मूळ खुर्ची मिखाएल थोनेट याची, १८५९ मधली, क्रमांक चौदा. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करायचं आणि साच्यात वाकवायचं. यात एक अडचण असते. वाफवलेलं लाकूड दाबलं जातं भरपूर, पण ताणलं जात नाही. वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि तडकते. म्हणून बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी घट्ट बसवली. पट्टीमुळे ती बाजू लांबूच शकत नाही आणि सगळं लाकूड आतल्या अंगाला दाबलं जातं. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट, एवढीच ती खुर्ची. सुटे भाग केले, की एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. १९३० पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या खपल्या असं सांगतात. तिचं देखणेपण कुणी वरून चिकटवलेलं नाही. लाकूड जसं वाकलं तशी ती दिसते. आणि बसणाऱ्याला ती उठूही देते.

उठणं ही साधी गोष्ट नाही बरं का! उठताना शरीराचा भार पुढे, पावलांवर आणावा लागतो. बैठक जितकी खाली, तितका गुडघ्यांवर ताण जास्त. साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीवरून बहुतेकांना उठता येतं. तीच उंची पस्तीसवर आणली आणि हातही काढून टाकले, की आमच्यासारख्याला दुसऱ्याचा हात मागावा लागतो. पाहुणे आले की आम्ही सोफ्यावर बसतो आणि ते गेले तरी बसलेलेच असतो, ते काही आळसामुळे नाही!

दुसरी वस्तू, कापड. आनी आल्बर्स १९२२ साली जर्मनीतल्या बाउहाउस शाळेत दाखल झाली. तिला काचेच्या कार्यशाळेत जायचं होतं, पण ती विणकामाकडे गेली. मुलींनी विणकामच करावं असा तिथेही कल होता. मात्र तिनं विणकामातच विचार करायला सुरुवात केली. बेर्नाऊ इथल्या कामगार संघटनांच्या शाळेत एक सभागृह होतं, तिथे आवाज घुमायचा. तिनं त्याच्या भिंतींसाठी दुपदरी गुणाचं कापड विणलं: एका अंगाला लवदार धागा, तो आवाज शोषणारा, दुसऱ्या अंगाला सेलोफेन, ते प्रकाश परावर्तित करणारं. या कामावर तिला १९३० मध्ये पदविका मिळाली. १९४९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात तिच्या विणकामाचं स्वतंत्र प्रदर्शन झालं.

याचा आपल्या दिवाणखान्याशी काय संबंध? फरशी गुळगुळीत, खिडकीला काच, छत जिप्समचं, म्हणजे ध्वनी आपटून परत येणार. कापडाच्या तंतूंमधल्या पोकळीत हवेची थरथर घर्षणानं जिरते, म्हणून पडदा, सतरंजी, गोधडी असलेली खोली शांत वाटते. तरुण कानांना हा फरक जाणवत नाही. आम्ही कानात यंत्र घालतो. त्या यंत्राला नातवाचा शब्द आणि भिंतीवरून आलेला त्याचा प्रतिध्वनी यांतला फरक फारसा कळत नाही. आपण पडद्याला शोभा समजतो. आमच्या घरी तो संभाषणाचा भाग होता, हे तो काढल्यावर कळलं.

तिसरी वस्तू, मूठ. इथे एक तत्त्वज्ञच येतो. 'ट्रॅक्टेटस' लिहून तत्त्वज्ञानाचे प्रश्न मिटले असं मानणारा लुडविग विट्गेन्श्टाइन १९२६ ते १९२८ या काळात व्हिएन्नात बहिणीचं घर बांधण्यात गुंतला होता. आराखडा मूळ पाउल एंगेलमानचा, पण दारं, खिडक्या, मुठी आणि रेडिएटर यांत विट्गेन्श्टाइननं जीव ओतला. त्याचं मूळ शिक्षण इंजिनिअरिंगचं. एका मिलिमीटरचा इतका आग्रह कशाला, असं कुलपाच्या कारागिरानं विचारलं, तेव्हा तो जवळजवळ ओरडूनच हो म्हणाला, अशी आठवण दुसऱ्या बहिणीनं लिहून ठेवलीय. घर पुरं होत आलं असताना एका दालनाचं छत त्यानं तीन सेंटिमीटरनं उचलायला लावलं. गालिचे नाहीत, पडदे नाहीत, दिव्यांना शेड नाहीत. दाराची मूठ म्हणजे वाकवलेला साधा धातूचा दांडा, भोवती नक्षीची पट्टीसुद्धा नाही.

ज्या बहिणीनं ही आठवण लिहिली, तिलाच ते घर माणसांपेक्षा देवांना राहायला योग्य वाटलं. पुढे खुद्द विट्गेन्श्टाइनलाही त्यात जिवंतपणाची उणीव जाणवली. पण ती मूठ आजही शिकवून जाते, कारण ती दांड्याची आहे. गणित सोपं आहे. गोल गोळ्याला बोटांनी आवळून पीळ द्यावा लागतो आणि ताकद मध्यापासून तीनेक सेंटिमीटरवर लागते. दांडा दहा-बारा सेंटिमीटरचा असेल, तर चौथ्या हिश्श्याची ताकद पुरते. आवळावंही लागत नाही, मनगटानं, कोपरानं, ओल्या हातानंही दार उघडतं. ज्यानं मिलिमीटरचा हट्ट धरला त्यानं हाताशी इमान राखलं, असं आम्हाला वाटतं. खोलीशी राखलं का, हा प्रश्न वेगळा.

आता कुणी म्हणेल, सर, हे म्हातारपणाचं रडगाणं झालं. घर तरुणांचं, आवड त्यांची. मुद्दा रास्त आहे. पण १९९० साली अमेरिकेत 'ऑक्सो' या नावानं जाड, मऊ मुठीची सोलाणी बाजारात आली. सॅम फार्बरच्या पत्नीला संधिवात होता, तिला सोलताना होणारा त्रास बघून ती कल्पना पुढे आली. विकत मात्र सगळ्यांनी घेतली, कारण दुखऱ्या हाताला जे सोपं, ते धडधाकट हातालाही बरंच वाटतं. उलट मात्र घडत नाही. शिवाय तान्हं मूल कडेवर असलेल्या आईचाही एकच हात मोकळा असतो.

म्हणून नवी वस्तू घेताना तीन गोष्टी करून बघाव्यात असं आम्ही सुचवू. दिवा मालवून ती वापरून बघा. ओल्या हातानं वापरून बघा. आणि घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला आधी वापरू द्या. दुकानात त्यालाच घेऊन जा. किंमत, रंग, कंपनी हे सगळं त्यानंतर.

आमच्या घरचं काय झालं ते सांगून थांबतो. चिरंजीवांना वाईट वाटेल म्हणून सौ. काही बोलत नव्हत्या, आम्ही बोललो. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आई, तू सांगायचं नाहीस का?" इंटिरिअरवाल्यांचं म्हणणं, मुठी बसवल्या तर सगळी लाइन बिघडेल. शेवटी एका ओळखीच्या सुतारांना बोलावलं. त्यांनी आधी सौ.ना विचारलं, "काकू, हात कुठवर पोचतो?" आणि तिथे पेन्सिलीनं खूण केली. सहा कपाटांना सहा दांड्याच्या मुठी बसल्या, शेगडीशेजारी जुनी गॅसची शेगडी परत आली. सोफा अजून तोच आहे. त्याबद्दल वाटाघाटी चालू आहेत.

लाइन बिघडली का? हो, थोडी बिघडली. पण कांटच्या भाषेत सांगायचं तर, ती कपाटं आता फुलाच्या रांगेतून उठून आपल्या जागी आली. आणि पहाटे पाचला स्वयंपाकघरात डब्याचा आवाज येतो.

पुढच्या वेळी 'दुरुस्ती' या विषयावर बोलू: वस्तू मोडली म्हणजे नेमकं काय मोडतं? तोवर घरातली एखादी मूठ डोळे मिटून धरून बघा.